कुमुदताईंचा सार्वजनिक पट

बुऱ्हाणपूरच्या टेलिफोन ऑफिसात मी रुजू व्हायला गेलो, तेव्हा तक्रारींच्या खिडकीमागे बसलेल्या बाईंनी माझे कागद बघितलेच नाहीत. मी "साहेब आलेत का?" एवढंच विचारलं होतं. त्यांनी मान जराशी तिरकी करून ते ऐकलं आणि म्हणाल्या, "अमरावती. त्यातही बडनेऱ्याकडचे."

मी चाट पडलो. मी बडनेऱ्याचाच होतो.

"बसा. साहेब येतील निवांत. मला एक सांगा, तुमच्याकडे अष्टाचंगात तोड केल्याशिवाय आत जाऊ देतात का?"

अष्टाचंगा म्हणजे पाच-पाच घरांचा चौकोनी पट. कवड्या टाकायच्या, पडेल त्या दानाप्रमाणे सोंगटी बाहेरच्या घरांतून फिरवायची, मग आतल्या फेरीत शिरायचं आणि मधल्या घरात पोचायचं. बहुतेक ठिकाणी दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय, म्हणजे 'तोड' केल्याशिवाय, आत शिरता येत नाही. लहानपणी बहिणींबरोबर मी हा खेळ पुष्कळ खेळलो होतो, पण नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यावर जबाब द्यावा लागेल असं वाटलं नव्हतं.

"नाही देत," मी म्हणालो.

"आणि एका घरात आपल्याच दोन सोंगट्या आल्या तर जोडीने चालतात?"

"कधीकधी."

"कधीकधी म्हणजे कधी?"

साहेब येईपर्यंत ही उलटतपासणी चालली. शेवटी मी कबूल केलं की मला आठवत नाही, बहिणीला विचारावं लागेल. "विचारा ना," त्या म्हणाल्या आणि समोरचा फोन माझ्याकडे सरकवला.

या कुमुद महाजन. सगळं ऑफिस त्यांना ताई म्हणायचं, साहेबसुद्धा. वय पन्नाशीच्या पुढे, बांधा ठेंगणा, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. डाव्या कानावरचे केस कायमचे दबलेले. ट्रंक कॉल लावून द्यायच्या काळात त्या ऑपरेटर होत्या, आणि हेडफोनच्या पट्टीने ते केस कधी उभे राहूच दिले नाहीत. त्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं. पण उजव्या कानाने त्या माणसाचं गाव ओळखायच्या. कोणी फोन उचलून "हलो" म्हटलं की यांच्या डोळ्यांपुढे जणू नकाशा यायचा. जिल्हा तर सांगायच्याच, पण नदीच्या अलीकडचा की पलीकडचा तेही सांगायच्या.

लोक थेट नंबर फिरवायला लागले आणि ट्रंक कॉल जोडायचा तो जुना बोर्ड निकामी झाला. स्क्रू काढून तो ट्रकमध्ये चढवला त्या दिवशी ताईंनी रजा टाकली होती. "इतकी वर्षं ज्याच्यासमोर बसलो, त्याला उचलून नेताना काय बघायचं?" त्या म्हणायच्या. मग त्यांना तक्रारींच्या खिडकीत बसवलं.

खेळांचा नाद त्या बोर्डावरच लागलेला. लाइन मिळेपर्यंत इकडची ऑपरेटर आणि तिकडची ऑपरेटर रिकाम्या बसून असायच्या. खंडव्याची बाई असो, भुसावळची असो की इंदूरची, ताई विचारायच्या, तुमच्याकडे पोरं काय खेळतात? पुढे रविवारी त्या तापीच्या राजघाटावर जायला लागल्या. तिथल्या दगडांवर कोणी कधीतरी कोरलेले पट आहेत. काही अष्टाचंगाचे, काही नऊ-नऊ खड्यांच्या नवकंकरीचे, काही कसले ते कोणालाच माहीत नाही. ताई ओल्या फडक्याने दगड पुसायच्या, खडूने रेघा भरायच्या आणि लांब उभं राहून बघायच्या. कपडे धुणारे त्यांना 'पटवाली बाई' म्हणायचे आणि कुठे नवीन कोरीवकाम दिसलं की वर्दी द्यायचे. मलाही एकदोनदा नेलं होतं. एका दगडावर ना सुरुवात कळत होती ना शेवट. मी म्हणालो, "कोणीतरी उगाच रेघोट्या मारल्या असतील."

"दगडात उगाच कोण मारेल रे? हात दुखतो," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वाकून बघत राहिल्या.

ब्रॉडबँड आलं तेव्हा आम्हाला प्रशिक्षण देण्यासाठी इंदूरहून एक तरुण आला होता. लोकांना काय काय दाखवायचं हे सांगताना त्याने एक विकी उघडून दाखवली, म्हणजे अशी साइट की जिच्यावर कोणीही लिहू शकतं आणि कोणीही दुसऱ्याचं लिहिलेलं बदलू शकतं. बाकीचे चहाची वाट बघत होते. ताईंनी हात वर केला.

"कोणीही? म्हणजे मी पण?"

"जी, आप भी."

"और मैंने गलत लिखा तो?"

"कोई दूसरा ठीक कर देगा."

"और वो भी गलत हुआ तो?"

"फिर तीसरा."

"और तीनों अपने-अपने गाँव के हिसाब से सही हुए तो?"

त्या तरुणाने घड्याळ बघितलं. जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्याकडे आल्या त्या डबा न उघडताच. "गिरीश, मला असलं एक काढून दे. फक्त खेळांचं."

मला येत होतं त्यापेक्षा मी जास्त येतं असं सांगितलं आणि आम्ही सुरुवात केली. एक परदेशी साइट असल्या विकींना फुकट जागा द्यायची. तिथे नाव नोंदवलं, 'डाव मांडा'. संगणकावर देवनागरी कशी उमटवायची हे शिकण्यातच कितीतरी संध्याकाळी गेल्या. 'ष्ट' काही केल्या जुळेना, म्हणून आमच्या पहिल्या पानाचं नाव पुष्कळ दिवस 'अश्टाचंगा' होतं. ताईंनी त्यावर सगळं लिहिलं. पट कसा आखायचा, कवड्या नसतील तर चिंचोके कसे फोडायचे, कोणत्या दानाला काय म्हणायचं. पान इतकं नेटकं झालं की बघत राहावं.

आणि कोणी आलं नाही. रोज सकाळी ताई पदर खोचून संगणकासमोर बसायच्या आणि बघायच्या. आलेले दोघंच असायचे, त्या आणि मी.

एके दिवशी त्या काहीतरी सापडल्यासारख्या आल्या. "माझंच चुकलं. मी बोर्डावर काय करायची ते विसरून गेली. फोनवर माणूस नाव सांगायला लाजला की मी त्याला नाव विचारायचीच नाही. मीच म्हणायची, 'पाटीलसाहेब ना?' लगेच पलीकडून, 'नाही हो, चौधरी!' माणूस विचारल्यावर नाही बोलत. चुकलेलं ऐकलं की बोलतो."

"म्हणजे मुद्दाम चुकीचं लिहायचं?"

"चुकीचं कशाला? माझ्या घरचं लिहायचं. फक्त माझ्या घरचं. ते दुसऱ्याला चुकीचंच वाटणार आहे."

त्यांनी ते नेटकं पान अर्धं पुसून टाकलं. उरलं ते एवढंच की फोपनारच्या महाजनांकडे, म्हणजे ताईंच्या घरी, हा खेळ असा खेळतात. मग त्या तक्रारींच्या खिडकीतून माणसं धाडायला लागल्या. कोणी फोन बंद पडल्याची तक्रार घेऊन आलं की तक्रार लिहून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "संध्याकाळपर्यंत लाइन होईल. तोवर हे जरा वाचा आणि बरोबर आहे का सांगा." संगणकाचा पडदा खिडकीकडे वळवलेला असायचा. लोक वाचायचे आणि चिडायचे. "असं कुठे असतं का?" ताई खुर्ची सरकवून जागा करायच्या. "मग या ना आत. लिहा."

अशी माणसं जमत गेली. नेपानगरचे एक निवृत्त फोरमन नवकंकरीवर लिहायला लागले आणि थांबेचनात. फोपनारची एक नवी सून सासऱ्यांना विचारून विचारून वाघ-बकरीचं पान भरायची. कोणी मराठीत लिहायचं, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजी अक्षरांत उर्दू. एकाने आक्षेप घेतला की ही साइट नक्की कोणत्या भाषेची आहे ते ठरवा. ताईंनी उत्तर लिहिलं, "ट्रंक कॉल लावताना आम्ही भाषा विचारत नव्हतो."

मग अन्सारी मास्तरांचं भांडण उद्भवलं. हे निवृत्त शिक्षक, पावरलूमच्या मोहल्ल्यात राहायचे. त्यांनी अष्टाचंगाच्या पानावर एक ओळ टाकली, 'इस खेल में तोड़ ज़रूरी नहीं.' जळगावच्या लीलाबाई राणे म्हणून एक बाई लिहायच्या, त्यांनी ती सकाळी पुसली. मास्तरांनी संध्याकाळी परत टाकली. लीलाबाईंनी पुसून शेजारी शेरा लिहिला, 'तोड नाही तर खेळ कसला?' मास्तरांनी लिहिलं, 'मोहतरमा, आप खेल जानती ही नहीं.' यावर लीलाबाईंनी लिहिलं की अशा लोकांमुळेच जुने खेळ बुडाले. हे दिवसच्या दिवस चाललं. बाकीचे लिहिणारे कंटाळून गप्प व्हायला लागले. फोरमननी ताईंना फोन करून सांगितलं की आधी हा तमाशा बंद करा.

पान कुलूपबंद करायची सोय होती. मी ताईंना ते बटण दाखवलं.

"याने काय होईल?"

"भांडण थांबेल."

"भांडण थांबलं की दोघंही निघून जातील," त्या म्हणाल्या. "चल, मास्तरांकडे जाऊ."

मास्तरांच्या घरी पोचलो तेव्हा शेजारचे माग धडधडत होते, सगळं ओरडून बोलावं लागत होतं. मास्तर उंच, शिडशिडीत, जाकिटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले. चहा आला. ते ताठ बसून होते. "देखिए मैडम, क़ायदा है तो है. इसमें समझाना क्या?"

"समझाइए मत. खेलिए," ताई म्हणाल्या आणि पिशवीतून कवड्यांची डबी काढली.

फरशीवरच खडूने पट आखला. खेळता खेळता मास्तरांची सोंगटी तोड न करताच आतल्या फेरीत शिरली. ताईंनी हरकत घेतली नाही. कवड्या हातात घोळवत सहज विचारलं, "मास्टरजी, ऐसे सबसे पहले कौन गया था अंदर?"

मास्तरांनी पटाकडे बघितलं. तेवढ्यात वीज गेली असावी, कारण शेजारचे माग एकदम थांबले आणि मास्तरांचा आवाज खोलीत मोठा वाटला.

"ज़ुबैदा," ते म्हणाले. "हमारी बहन. पोलियो था उसको, पाँव नहीं चलता था. बच्चे मिलकर उसी की गोटियाँ मारते. उठकर झगड़ भी नहीं सकती थी बेचारी. अम्मा ने कह दिया, इस घर में तोड़ नहीं होगी. जिसको अंदर जाना है, जाए." एक सोंगटी सरळ करत म्हणाले, "फिर सब ऐसे ही खेलने लगे. हम तो समझते रहे सारे बुरहानपुर में यही क़ायदा है."

ताईंनी तिथूनच लीलाबाईंना फोन लावला आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. लीलाबाई लगेच म्हणाल्या, "अहो मग ते लिहा ना! नुसतं 'ज़रूरी नहीं' काय लिहिता?"

त्या आठवड्यापासून प्रत्येक पानाच्या खाली एक नवा भाग आला, 'हा नियम कुठून आला?' लोकांनी तो भरायला घेतला आणि आमची विकी खऱ्या अर्थाने चालू झाली. लीलाबाईंनी आपल्या तोडीच्या नियमाखाली लिहिलं, 'माहीत नाही. आईला विचारायचं राहून गेलं.' ताई ती ओळ पुन्हा पुन्हा उघडून वाचायच्या.

मग एका सोमवारी साइट उघडली नाही. मी आधी आमच्याच लाइनला दोष दिला. मग शोधाशोध केली, तेव्हा कळलं की ती परदेशी कंपनी बंद झाली होती. तशी सूचना इंग्रजीतून एका जुन्या मेलवर आली होती, आणि तो मेल आम्ही दोघंही उघडत नव्हतो. कोणाकडेच प्रत नव्हती.

ताईंनी दिवसभर तक्रारी घेतल्या. सुटताना विचारलं, "परत नाही मिळणार?"

"नाही, ताई."

पुढचे कित्येक दिवस त्यांनी संगणक चालू केला नाही. खिडकीत आलेल्या माणसाला लाइन कधी होईल तेवढं सांगायच्या आणि पुढच्याला बोलवायच्या. मला वाटलं, बोर्ड नेला तेव्हा रजा टाकली, आता ही बाई नोकरीच सोडते की काय. साहेबांनीसुद्धा मला बाजूला घेऊन विचारलं, ताईंच्या घरी काही झालं का?

एके सकाळी खिडकीवरचा फोन वाजला. लीलाबाई होत्या. घाबरलेल्या. "कुमुदताई, पान उघडतच नाहीये हो! मी काही भलतं दाबलं का?"

ताईंनी काय झालं ते सांगितलं. त्या ज्या तऱ्हेने सांगत होत्या ते मला ऐकवेना, म्हणून मी बाहेर जायला उठलो. पण लीलाबाईंचा आवाज इतका मोठा की दारापर्यंत ऐकू आला, "गेलं तर गेलं! मला माझं पान पाठ आहे. घ्या लिहून!"

ताईंनी रिसीव्हर उजव्या कानाला लावला, कळफलक पुढे ओढला आणि टाइप करायला लागल्या.

मग त्यांनी एकेकाला फोन लावला. विकीसाठी दुसऱ्या साइटवर नवी जागा घेतली होती, आणि या वेळी मी दर शनिवारी सगळी पानं उतरवून ठेवत होतो. पण खरी गंमत वेगळीच झाली. दोनेक आठवड्यांनी ताई माझ्या टेबलाशी आल्या, डोळे चमकत होते. "अरे, हे लोक या वेळी वेगळंच सांगून राहिलेत! फोरमनसाहेबांनी गेल्या वेळी नवकंकरीत गोट्या उडी मारतात म्हणून लिहिलं होतं. आता म्हणतात, उडी? छे!" मी म्हणालो, विसरले असतील. "कोणत्या वेळी?" त्या म्हणाल्या. "तेव्हा की आता?" आणि हसल्या. कितीतरी दिवसांनी.

अन्सारी मास्तर मात्र दरम्यान वारले होते. त्यांचं लिहिलेलं कोणाला पाठ नव्हतं. ताईंना आठवत होतं, पण त्या म्हणाल्या, मी नाही लिहिणार, त्या घरात अजून एक माणूस आहे.

ज़ुबैदाआपा खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पांढरे केस, आवाज खणखणीत. ताईंनी मास्तरांनी सांगितलेली हकीकत त्यांना सांगितली, बहिणीला चालता येत नव्हतं, तिच्यासाठी अम्मांनी नियम बदलला. आपा ऐकत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर ओढणी धरली. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"मेरे लिए? भाईजान ने ये कहा? अरे, मेरी गोटी कोई मारकर तो दिखाता! मैं पड़े-पड़े सबकी तोड़ती थी, भाईजान की सबसे पहले. और वो पट पर पाँव मारकर, रोता हुआ भागता था गली में. बड़ा था, फिर भी! अम्मा तंग आ गईं उसके रोने से. बोलीं, बंद करो ये तोड़-वोड़." हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग हळू म्हणाल्या, "पगला. सारी उम्र मेरे नाम पर खेलता रहा."

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "आता काय लिहायचं? मास्तरांचं खोटं ठरलं."

"खोटं काऊन? त्यांना तसंच आठवत होतं," ताई म्हणाल्या. "दोन्ही लिहायचं, ज्याच्या त्याच्या नावाने. आधी मास्तरांचं. ते मोठे होते ना." आणि रिक्षात बसल्यावर माझ्याकडे वळल्या. "पण गिरीश, अम्मांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं रे?"

काही वर्षांनी ताई निवृत्त झाल्या आणि मला अकोल्याची बदली मिळाली. जायच्या आधीच्या आठवड्यात त्या मला धूलकोटच्या बाजाराला घेऊन गेल्या. तिथे आदिवासी बायका चिंच आणि मिरच्या विकायला येतात आणि गिऱ्हाईक नसलं की जमिनीत खळगे करून खड्यांचा कसला तरी खेळ खेळतात, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. आता ताईंना उजव्या कानानेही फारसं ऐकू यायचं नाही. त्यात त्या बायकांची बोली ताईंना येत नव्हती, आणि त्या बायकांना मराठी येत नव्हती.

मी चहा पिऊन परत आलो तेव्हा ताई चांगल्या साडीनिशी धुळीत मांडी घालून बसल्या होत्या. भोवती बायका. ताईंनी एका खळग्यातून खडे उचलले आणि पुढे एकेक टाकत गेल्या. एका म्हातारीने त्यांचा हात धरून थांबवला, शेवटचा खडा काढून घेतला आणि ताईंचं बोट धरून ते भलत्याच खळग्यावर टेकवलं. सगळ्या हसल्या. ताईही हसल्या आणि मान तिरकी करून त्या म्हातारीच्या हातांकडे बघू लागल्या. पूर्वी असंच मान तिरकी करून आवाज ऐकायच्या.

बुऱ्हाणपूरच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला. मी हाका मारल्या. मग जाऊन खांद्याला हात लावला.

"ताई, जीप सुटते."

"तू हो पुढे," त्या वर न बघताच म्हणाल्या. "मी मागच्या गाडीने येते. मला यातलं काहीच कळून नाही राहिलं!" तक्रार नव्हती त्यात. लग्नघरातलं माणूस बोलतं तसा आवाज होता.

जीप निघाली. मागच्या काचेतून दिसत होतं, म्हातारी हाताने माती सारखी करत होती, आणि ताई पदर खोचून तिच्या आणखी जवळ सरकत होत्या.